एक एकर ऊस, अर्धा तास आकाश

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि पुणे, यवत, वरवंड, उंडवडी अशी मजल दरमजल करीत बारामतीत येते. पुढे काटेवाडीला परीट मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि सणसर, निमगाव केतकी मागे टाकीत पालखी इंदापूर गाठते. ज्या संताला न्यायला वैकुंठाहून विमान आले अशी आपली श्रद्धा, त्याच्या पादुकांची वाट या दोन तालुक्यांतून जाते ती हजारो वारकऱ्यांच्या पायांनी. त्या विमानाच्या आवाजाबद्दल किंवा धुराबद्दल कोणी तक्रार केल्याचे मात्र ऐकिवात नाही. हल्लीच्या विमानांचे तसे नाही.

बारामतीच्या बाहेर औद्योगिक विकास महामंडळाची धावपट्टी आहे. तिथे वैमानिक होऊ इच्छिणारी मुलेमुली उडायला शिकतात. एका इंजिनाचे इवलेसे विमान वर चढते, गोजुबावी-कटफळच्या रानांवरून वळसा घेते, खाली येते, चाके टेकताच पुन्हा वर चढते. शिकवणीच ती, दिवसभर चालायची. उसाला पाणी देणारा माणूस आता मान वर करून बघतही नाही. पण दुपारी घटकाभर डोळा लावू पाहणाऱ्या म्हातारीला त्या घरघरीचे काय वाटते ते तिलाच विचारावे.

मी मराठीचा अध्यापक. इंजिन या विषयात माझा अधिकार काय, असे वाचक विचारतील. काही नाही. पण आमच्या स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाची मंडळी शेजारच्याच टेबलावर चहा पितात आणि विचारले तर समजावून सांगायला कंटाळत नाहीत. शिवाय या विषयाचे एक टोक इंदापूर तालुक्यातच रोवलेले आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

ते टोक म्हणजे वालचंदनगर. सोलापूरच्या दोशी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती एक गावच वसवले. १९३९ साली पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉलींचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. शेजारच्या प्रवाशाशी आपण फार तर हवापाण्याच्या गप्पा मारू. वालचंदांनी हिंदुस्थानात विमाने बांधण्याची गोष्ट काढली! २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली आणि १९४१ मध्ये तिथे जोडलेले पहिले विमान उडाले. पुढल्याच वर्षी, युद्धाच्या धामधुमीत, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. त्याच कारखान्यात नंतर डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकाऊ वैमानिकांसाठी 'एचटी-२' हे विमान तयार झाले. ते १९५१ साली उडाले. १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी आणखी एक छोटे विमान निघाले, त्याचे नाव 'पुष्पक'. इकडे वालचंदनगरची यंत्रशाळा साखर कारखान्यांची अवजड यंत्रे घडवता घडवता 'इस्रो'च्या अग्निबाणांची कवचे घडवू लागली. ऊस आणि आकाश यांची सोयरीक या तालुक्यात अशी जुनी आहे.

आता आवाजाकडे वळू. आमच्या पदार्थविज्ञानाच्या मित्रांनी मला तो समजावला तो चुलीवरून. चूल पेटवायची तर दोन उपाय. एक फुंकणी, दुसरे सूप. फुंकणीतून थोडी हवा जोराने जाते, सुपाने पुष्कळ हवा सावकाश जाते. निखारा दोन्हींनी फुलतो. पण फुंकणी फूंऽ करून आवाज करते, आणि फुंकणाऱ्याचे गाल आधी दुखतात.

इंग्लंडच्या फ्रँक व्हिटलने १९३७ साली चालवून दाखवलेले आणि जर्मनीच्या ओहाइनचे, १९३९ साली प्रत्यक्ष विमानातून उडालेले, अशी ही पहिली जेट इंजिने म्हणजे शुद्ध फुंकणी. हवा आत घ्यायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि तापलेला झोत मागच्या तोंडातून प्रचंड वेगाने सोडायचा. मागे झोत, पुढे विमान. १९५२ साली जेम्स लाइटहिल या गणितज्ञाने कागदावरच सिद्ध केले, की अशा झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठवा घात म्हणजे काय याची कल्पना एका उदाहरणाने येईल. झोताचा वेग निम्मा केला, तर आवाजाची शक्ती निम्मी किंवा पाव होत नाही, ती २५६ पटींनी उतरते! याच १९५२ साली 'कॉमेट' हे पहिले जेट प्रवासी घेऊन उडू लागले होते. म्हणजे रोग आणि त्याचे निदान एकाच वर्षी जगापुढे आले. औषधाला मात्र वेळ लागला.

औषध म्हणजे सूप. इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा बसवायचा आणि बहुतेक हवा आतल्या भट्टीत न नेता बाहेरच्या बाहेर मागे ढकलायची. हवा जास्त, वेग कमी, रेटा तेवढाच. शिवाय रेटा हवेच्या वेगाच्या पटीत वाढतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे सावकाश ढकललेली पुष्कळ हवा इंधनही वाचवते. सत्तरच्या दशकात आपल्याकडे आलेल्या बोइंग ७३७ विमानांच्या इंजिनात भट्टीतून एक भाग हवा जाई तेव्हा बाहेरून सुमारे एकच भाग जाई. सांताक्रूझला राहणाऱ्या त्या काळच्या नातेवाइकांना तो आवाज विचारा. विमान डोक्यावर आले की बोलणे थांबवून हातानेच 'थांबा' म्हणण्याची त्यांना सवय लागली होती. आज आपल्या देशांतर्गत मार्गांवरच्या नव्या विमानांत हे प्रमाण एकास अकरा-बारा आहे. पुण्याच्या लोहगावकडच्या रहिवाशांना हा फरक शिकवावा लागत नाही. प्रवासी विमान जाते तेव्हा टीव्हीचा आवाज थोडा वाढवावा लागतो, हवाई दलाचे लढाऊ विमान जाते तेव्हा खिडकीची तावदाने बोलतात. लढाऊ विमानाला अरुंद छाती आणि प्रचंड वेग हवा, म्हणून त्याला फुंकणी सोडता येत नाही.

पंखा मोठा करण्यात एक अडचण होती. पंख्याला सावकाश फिरायचे असते, त्याला फिरवणाऱ्या आतल्या चक्राला भरभर. एका दांड्यावर दोघांचा संसार म्हणजे घोडा आणि बैल एका जुवाला. म्हणून प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने मध्ये गिअर घातला. चक्राच्या साधारण तीन फेऱ्यांत पंख्याची एक. दोन मीटरहून थोड्या मोठ्या पंख्याचे हे इंजिन जानेवारी २०१६ मध्ये जर्मनीत प्रवाशांच्या सेवेत आले आणि त्याच वर्षी भारतातही. आवाज खरोखरच कमी झाला, इंधन वाचले. पण नव्या सुनेच्या कौतुकात तिच्या आजारपणाचाही काळ येतो. आपल्याकडच्या उष्ण, धुळीच्या हवेत इंजिनाचे काही भाग अपेक्षेआधी झिजले. २०१९ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाला एका मोठ्या कंपनीला ही इंजिने बदलून घेण्याचा हुकूम द्यावा लागला. मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट' ही कंपनी इंजिनांचे कारण पुढे करून बंदच पडली. जुलै २०२३ मध्ये आतल्या चकत्यांच्या धातूच्या भुकटीत दोष निघाल्याचे जाहीर झाले आणि जगभर शेकडो विमाने तपासणीसाठी जमिनीवर बसली. गंमत अशी, की ज्या गिअरची सर्वांना धास्ती होती तो मात्र बहुतांशी निर्दोष ठरला.

आवाजाचे असे. स्वच्छतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे.

जेटचे इंधन म्हणजे काही दिव्य रसायन नव्हे. ते आपले घासलेटच, जास्त शुद्ध केलेले. ज्यांच्या घरी स्टोव्ह होता त्यांना पुढची गोष्ट चटकन कळेल. वातीच्या स्टोव्हची ज्योत पिवळी, पातेल्याला काजळी धरणारी. पंपाच्या स्टोव्हची ज्योत निळी, कडक, काजळी नाही. विमानाच्या भट्टीत इंधन पंपाच्या स्टोव्हसारखे जाळतात. आच जितकी कडक तितके इंधन कमी लागते आणि कार्बन डायऑक्साइड कमी निघतो. पण आच फार कडक झाली की हवेतला नायट्रोजनही जळू लागतो आणि त्याची ऑक्साइडे तयार होतात, ती फुप्फुसाला वाईट. म्हणजे एकीकडे झाकावे तर दुसरीकडे उघडे पडते. भट्टीत इंधन आणि हवा कुठे, किती आणि किती क्षण एकत्र ठेवायची, यावर इंजिनवाल्यांनी उभी आयुष्ये घालवली आहेत. ऑक्साइडे त्यामुळे पुष्कळ कमी झाली. पण घासलेट जाळले की कार्बन डायऑक्साइड निघणारच, त्याला कोणतीही भट्टी काही करू शकत नाही. तिथे इंधनच बदलावे लागते.

आणि इथे ऊस पुन्हा येतो. १९ मे २०२३ रोजी एअर एशिया इंडियाचे एक विमान पुण्याहून दिल्लीला गेले. त्याच्या टाकीत नेहमीच्या इंधनाबरोबर फार तर एक टक्का असे इंधन होते, जे पुण्याच्या 'प्राज इंडस्ट्रीज'ने उसाच्या मळीपासून बनवले होते. प्रमोद चौधरी यांनी १९८३ साली काढलेली ही कंपनी डिस्टिलऱ्या उभारण्यात नावाजलेली. भारतात याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीला एक विमान जट्रोफाच्या तेलाचे मिश्रण घालून उडवले होते. पण प्रवाशांना घेऊन, नेहमीच्या फेरीवर, देशी इंधनाने जाण्याचा मान पुण्याच्या फेरीला मिळाला. सरकारने पुढे ठरवले, की परदेशी जाणाऱ्या विमानांत २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के असे इंधन मिसळायचे.

उसाच्या रसापासून मद्यार्क होतो हे सर्वांना माहीत आहे, आणि तो पेट्रोलमध्ये मिसळतात हेही. मग तोच विमानात का घालीत नाहीत? कारण तो हलक्या ताकदीचा आहे. किलोमागे त्याची ऊर्जा घासलेटाच्या दोन-तृतीयांशाहून कमी. विमानाने वजन वाहायचे ते प्रवाशांचे, इंधनाचे किती? म्हणून मद्यार्कातले पाणी रासायनिक रीतीने काढून त्याचा इथिलीन वायू करतात, त्याचे छोटे रेणू मण्यांसारखे ओवून लांब साखळ्या करतात, त्यांवर हायड्रोजन चढवतात. तयार होते ते घासलेटाचे जुळे भावंड, त्यात गंधक नाही, आणि त्याला काजळीही कमी. इंजिनात एक स्क्रूही बदलावा लागत नाही. आजच्या नियमांप्रमाणे निम्म्यापर्यंत मिसळता येते. (आवाज मात्र यामुळे तसूभरही कमी होत नाही. तो पंख्याचा प्रांत.)

माझ्या मित्राने आणि मी एका दुपारी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एकरी ४० टन ऊस धरला, साखर अजिबात न करता सगळ्या रसाचा मद्यार्क केला, टनाला ७० लिटर. झाले २,८०० लिटर. मद्यार्कातले पाणी गेले की वजनाचा सुमारे ६१ टक्केच भाग उरतो, हा रसायनशास्त्राचा नियम. त्यात घासाघीस नाही. म्हणजे हाती फार तर १,७०० लिटर विमानाचे इंधन. १८० आसनांचे नेहमीचे जेट तासाला ३,००० लिटरच्या आसपास पिते. एका एकराचा वर्ष-दीड वर्षाचा ऊस असा साधारण अर्ध्या तासात आकाशात जातो. पुणे-दिल्ली दोन तास, म्हणजे साडेतीन एकर. आणि आधी साखर काढून फक्त शेवटची मळी वापरायची म्हटले, तर त्याच एकरात जेमतेम पाच मिनिटे!

आता पाणी. उसाला पाऊस धरून सुमारे दोन मीटर उभे पाणी लागते असे मानले, तर एकराला ८० लाख लिटर. ठिबकने बरेच वाचते, पण हिशेबाचा आकार बदलत नाही: एक लिटर विमानाच्या इंधनामागे सुमारे पावणेपाच हजार लिटर पाणी. हे पाणी कुठून येते? बारामतीच्या बागायत भागाला ते नीरा डाव्या कालव्याने येते, भाटघर आणि वीर धरणांतून. इंदापूरला उजनीचे फुगवटे आहेत, ज्यात पळसदेवचे जुने मंदिर बुडाले आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येते. भिगवणला त्याच पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. पण याच दोन तालुक्यांत जिराईत पट्टाही आहे, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. या दोन तालुक्यांत एका अंगाला माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या कारखान्यांची धुराडी, आणि दुसऱ्या अंगाला कोरडी विहीर. त्यामुळे 'ऊस आकाशात नेऊ' हे वाक्य व्यासपीठावरून टाळ्या घेते तेव्हा मला त्या विहिरीची आठवण होते. पावसाने ओढ दिली की काय होते तेही दिसले आहे: डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर बंधने घातली, ती ऑगस्ट २०२४ मध्ये उठली. ज्या कारखान्यांनी त्यासाठी कर्जे काढली होती त्यांनी मधले महिने कसे काढले असतील!

तरीही मी या इंधनाला हसून मोडीत काढणार नाही. मळी ही टाकाऊच. बगॅसपासून, पाचटापासून मद्यार्क काढण्याचे प्रयोग चालू आहेत, आणि त्यांना जादा पाणी लागत नाही. शिवाय छोट्या पल्ल्याचा हिशेब वेगळा आहे. पुणे-जळगाव किंवा पुणे-सिंधुदुर्ग अशा अंतरावर जेट निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच घालवते. तिथे २०२४ पासून सत्तर-एक आसनांची, पंखे बाहेर असलेली 'एटीआर' विमाने उडू लागली. ती तासाला जेटच्या एक-तृतीयांशाहूनही कमी इंधन घेतात. आपल्या एका एकरात दोन तासांच्या आसपास उडतील. लांबच्या प्रवासात आसनामागचा खर्च पाहिला तर मोठे जेट हरत नाही, हेही सांगितले पाहिजे. आता गंमत पहा: इंजिनवाले ज्या नव्या रचनेवर काम करीत आहेत, तीत पंख्याभोवतीचे कवचच काढून टाकायचे आहे. 'सीएफएम'ने २०२१ मध्ये ती योजना जाहीर केली. इंधनात वीस टक्के बचतीचे उद्दिष्ट. म्हणजे सूप आणखी मोठे. उघड्या पात्यांचा आवाज आवरणे हेच त्यातले कठीण काम.

आवाजाचे हे उघडे पाते बारामतीकरांच्या ओळखीचे. शिकाऊ विमानाचे सुमारे १.९ मीटरचे पाते मिनिटाला २,४०० फेरे घेते तेव्हा त्याचे टोक सेकंदाला २४० मीटर धावते, आवाजाच्या वेगाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. घरघर येते ती मुख्यतः तिथून आणि धुराच्या नळीतून. आणि त्याच्या इंधनाची एक गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० साली हद्दपार झाले. अशा अनेक छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये ते अजून असते. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते इंधन देशात बनवायला सुरुवात केली, परदेशावरचे अवलंबन संपावे म्हणून. शिसे मात्र त्यातही आहे. प्रमाण थोडे आहे, विमाने थोडी आहेत, हे खरे. पण वळसा रोज त्याच गावांवरून असतो.

ब्राझीलने यावर उसाचेच उत्तर काढले. तिथल्या 'इपानेमा' नावाच्या फवारणीच्या विमानाला २००४ मध्ये शुद्ध मद्यार्कावर उडण्याचा परवाना मिळाला. कारखान्यातून तसेच तयार होऊन येणारे जगातले ते पहिले विमान. उसाच्या रानावर फवारणी करणारे विमान उसाच्याच मद्यार्कावर! पल्ला थोडा, वजन थोडे, म्हणून तिथे मद्यार्काची हलकी ताकद फारशी नडत नाही. युरोपात २०२० मध्ये विजेवरच्या दोन आसनी शिकाऊ विमानालाही परवानगी मिळाली. ते तासाच्या आतच उतरते, पण धावपट्टीभोवती वळसे घालायला शिकवायचे तर तेवढे पुरते, आणि आवाज फार कमी. आपल्याकडे २०२५ मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 'ई-हंसा'ची घोषणा झाली. मोठ्या जेटांसाठी एकरांचे हिशेब मांडण्याआधी बारामतीच्या धावपट्टीवर ही छोटी विमाने आणावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे लागणारे इंधन थोडे, लाभ रोजचा, आणि तो त्या दुपारी न झोपलेल्या म्हातारीला मिळणारा.

हा सगळा हिशेब मी सणसरजवळच्या एका ऊस-बागायतदारांना सांगितला. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. त्यांनी एकर, लिटर, मिनिटे सगळे शांतपणे ऐकले. मग विचारले, "सर, टनाला किती पडतील?"

मी सांगितले, २०२५-२६ साठी सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर क्विंटलला ३५५ रुपये, तोही सव्वादहा टक्के उताऱ्याला. चाळीस टनांचे एक लाख बेचाळीस हजार. म्हणजे १,७०० लिटरच्या हिशेबाने नुसत्या उसाचीच किंमत लिटरला ऐंशी रुपयांवर जाते; डिस्टिलरी, हायड्रोजन, कर्जाचे व्याज, सगळे पुढेच. इंधन महागच होणार. पण एक टक्काच मिसळले, तर पुणे-दिल्लीच्या फेरीत साठ लिटर. लिटरमागे दीडशे रुपये जादा पडले असे समजा, तरी १८० प्रवाशांत वाटले की माणशी पन्नास रुपये. विमानतळावरचा चहा त्याहून महाग असतो.

"ते पन्नास रुपये विमानवाल्याकडं जाणार," ते म्हणाले. "त्यातलं माझ्या पट्टीवर किती येणार ते कोण ठरवणार? पेट्रोलात स्पिरिट घालायला लागले तवा बी असंच सांगितलं हुतं."

माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. मुलाने वडिलांची बाजू घेतली नाही आणि माझीही घेतली नाही. तो मोबाइलवर पाण्याच्या पाळीचा निरोप वाचत होता. रात्री अकराला पाणी येणार होते. त्यांनी बॅटरी आणि खोरे काढून ओट्यावर ठेवले, मला दुसरा चहा पाजला, आणि बाप-लेक दारे धरायला निघाले.